समाजसेवेला डिग्री लागते का?

या वेळचं पत्र तासगाव तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. पत्र मोठं होतं, त्यातला मुद्द्याचा भाग देते.

“ताई, मी यंदा बारावी झाले. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजमध्ये मला प्रवेश मिळालाय. लीडरशिप आणि नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट, म्हणजे सेवाभावी संस्थांचा कारभार, शिकायचं आणि परत येऊन आपल्याच भागात मुलींसाठी संस्था काढायची, असं माझ्या मनात आहे. कॉलेजने वर्षाला ३८ हजार डॉलरची स्कॉलरशिप दिली आहे. तरी दरवर्षी २८ हजार डॉलर आम्हाला भरावे लागतील. बाबांची द्राक्षबाग आहे, शिवाय ते गावच्या दूध संस्थेचे संचालक आहेत. ते म्हणाले, एक एकर काढू आणि चाळीस लाखांचं कर्ज घेऊ. पण रात्री जेवताना त्यांनी विचारलं, ‘पोरी, समाजसेवेला डिग्री लागते का गं?’ मला उत्तर देता आलं नाही. मामा म्हणतो, आर्ट्सच करायचं तर सांगलीत कर. मी काय करू?”

तुझ्या बाबांचा प्रश्न चांगला आहे. ते एक एकर विकायला तयार आहेत आणि तरी हा प्रश्न विचारतायत, म्हणजे त्यांना तुला अडवायचं नाहीये, समजून घ्यायचंय. म्हणून आधी त्यांनाच उत्तर देते.

२००१ मध्ये मी एका तालुक्याच्या गावी संस्थेत लागले. बालवाड्या, बचत गट, मुलींच्या सायकली असं काम होतं. संस्था एका निवृत्त शिक्षकांनी काढलेली. सगळे त्यांना सर म्हणायचे. पावसात भिजत वाडीवर जाणारे, पोरांची नावं तोंडपाठ असणारे, स्वतःच्या पेन्शनमधून बालवाडीला पत्रे घालणारे. २००९ मध्ये सर अचानक गेले. तेराव्यानंतर मी आणि खजिनदार बँकेत गेलो, चेकवरच्या सह्या बदलून घ्यायला. बँकेने शेड्यूल वनची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची, ताजी प्रत मागितली. ती काढून आणली तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचली. सात विश्वस्तांची नावं होती. सर धरून तिघे हयात नव्हते. एकाने सहा वर्षांपूर्वी तोंडी राजीनामा दिला होता. कुणाचाच चेंज रिपोर्ट दाखल केलेला नव्हता. कायद्याने बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. आम्ही नऊ वर्षं काहीच कळवलं नव्हतं.

चूक पूर्णपणे आमची होती. ती निस्तरेपर्यंत खात्यातून पैसे निघेनात, आणि चौदा बालवाडीताईंचं मानधन चार महिने अडलं. त्यातल्या एकीला मी सराफाच्या दुकानात पाहिलं. कानातलं काढून रुमालावर ठेवलं होतं आणि ती मुलाच्या फीचा आकडा सराफाला सांगत होती. मला बघून तिने पदर कानावर ओढला. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी बालवाडीत आली, मला काही बोलली नाही, मीही तिला काही बोलू शकले नाही.

सरांसारखा मायाळू माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि ती पाळी आमच्यावर आली ती त्यांनी सगळा कारभार स्वतःच्या डोक्यात ठेवला म्हणून, आणि आम्ही तो तसा ठेवू दिला म्हणून. बाबांना हे सांग. भुकेल्याला भाकरी द्यायला डिग्री लागत नाही. पण चौदा बायकांचं मानधन दर महिन्याच्या पाच तारखेला व्हावं, संस्थापक गेल्यावरही व्हावं, हे शिकावं लागतं. कुणी ठेचकाळत शिकतो, आणि ती ठेच दुसऱ्याच्या कानातल्यांवर जाते. कुणी आधी शिकून येतो. तू आधी शिकून यायचं म्हणतेस, ते मला मनापासून पटतं.

हे शिकवता येतं, हा विचारही आपल्याकडे नवा नाही. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे. तेव्हा ‘समाजसेवेची कसली परीक्षा’ हा प्रश्न तुझ्याआधी बऱ्याच जणांनी घरी ऐकलेला आहे.

आता मामांचं. त्यांचा गैरसमज होणं साहजिक आहे. दहावीला कमी पडले की आर्ट्स, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लिबरल आर्ट्स म्हटलं की तीच साईड डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत त्याचा अर्थ निराळा. चार वर्षांचं कॉलेज, बहुतेक निवासी, वर्गात पंधरावीस मुलं, आणि पहिली दोन वर्षं एकाच विषयाला बांधून न घेता सगळीकडे फिरायची मुभा. गणित, जीवशास्त्र, तत्त्वज्ञान, संगीत, अर्थशास्त्र. मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा. लिहायला भरपूर लागतं. पाठ करून तिथे निभत नाही.

लीडरशिप हा विषय अशा ठिकाणी शिकवणं मला बिझनेस स्कूलपेक्षा जास्त योग्य वाटतं. व्हर्जिनियात रिचमंड विद्यापीठात १९९२ मध्ये फक्त नेतृत्वाच्या अभ्यासासाठी पदवीची एक वेगळी शाळा सुरू झाली, जेप्सन स्कूल. तिथे हा विषय इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र अशा अंगांनी शिकवतात. माणसं कुणाच्या मागे का जातात, चांगला माणूस पदावर बसल्यावर कुठे घसरतो, न्याय म्हणजे काय, असे प्रश्न. इंटर्नशिप करावीच लागते. भाषण कसं ठोकावं आणि टीमला जोश कसा द्यावा एवढ्यावर जो अभ्यासक्रम थांबतो, त्यावर पैसे घालवू नकोस. तुझ्या कॉलेजच्या विषयांची यादी काढ आणि बघ, त्यात वाचायला काय लावतात.

कसलं वाचन म्हणतेय ते आपल्याच घरातल्या उदाहरणाने सांगते. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी आजीव सदस्य म्हणून तुटपुंज्या वेतनावर राबायचं ठरवून आत आले. पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. आणि १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. सामाजिक सुधारणेवरून टिळक-आगरकरांचं फाटलं हे आपण शाळेत शिकतो. पण संस्थेच्या आत एक फार साधा, कारभाराचा वाद धुमसत होता. आजीव सदस्याने बाहेरचं काम करून वेगळी कमाई करावी की नाही? टिळकांचं म्हणणं, करू नये, सगळा वेळ संस्थेला द्यावा. बाकीच्यांना घरं चालवायची होती. दोन्ही बाजूंना त्यागी माणसं होती आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं आजही रास्त वाटतं. हाच वाद मी गेल्या पाच वर्षांत तीन संस्थांमध्ये ऐकलाय: फील्डवरच्या दादाने संध्याकाळी क्लास घेतले तर चालतील का? कार्यकर्त्याला जगण्यापुरतं किती द्यायचं, हे ज्या संस्थेत सुरुवातीलाच लिहून ठरत नाही तिथे तो प्रश्न पुढे माणसं तोडतो. हा इतिहास वाचणारी, त्यावर दहा पानं लिहिणारी आणि वर्गात कुणाच्या तरी विरुद्ध बाजूने उभी राहणारी मुलगी संस्थेची घटना लिहायला बसेल, तेव्हा वेतनाचं कलम कोरं सोडणार नाही.

नॉनप्रॉफिट मॅनेजमेंटबद्दल मात्र मी थोडी सावध आहे. लहान कॉलेजांत तो बहुधा दुय्यम विषय किंवा सर्टिफिकेट असतो, मुख्य विषय क्वचितच. दुय्यमच घे. मुख्य विषय अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा संख्याशास्त्र ठेव. देणगीदार विचारतो, तुमच्या कामाने फरक पडला हे कशावरून? त्याला उत्तर द्यायला आकडे मोजता यावे लागतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्या बायकांना शिकवलं. ते काम जगाने मानलं, कारण त्यांनी बाळांचे मृत्यू वर्षानुवर्षं गावोगाव नोंदले होते आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. माया तर तिथे होतीच, पण सोबत वही होती.

दुसरं असं की तिथलं व्यवस्थापनाचं शिक्षण तिथल्या कायद्यावर उभं असतं. तिकडे तू ५०१ सी ३ शिकशील, म्हणजे करमाफी मिळालेली धर्मादाय संस्था. फॉर्म ९९० वाचायला शिकशील. त्यात संस्थेची मिळकत आणि वरच्या अधिकाऱ्यांचे पगारसुद्धा असतात, आणि तो कुणालाही बघता येतो. ही उघडेपणाची सवय लागावी म्हणून तरी तुझ्यासारख्या मुलींनी ते बघावं असं मला वाटतं. आपल्याकडे खर्चाचा तपशील विचारला की पुष्कळ विश्वस्तांना अपमान वाटतो. पण परत आल्यावर तुझ्यापुढे असेल १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, आणि १२ ए, ८० जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या करसवलतीच्या नोंदण्या. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए. त्यात २०२० च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच घ्यावा लागतो. सीएसआर म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. तो पैसा येतो तेव्हा अटी घेऊन येतो. आमच्याकडे एकदा मुलींसाठी चाळीस टॅब आले, पण ते शिकवणाऱ्या ताईच्या पगाराला त्यात जागा नव्हती. टॅब कपाटात राहिले. युसी, म्हणजे पैसा खर्च झाल्याचा दाखला, मात्र वेळेवर गेली. यातलं काहीही ओहायोत कुणी शिकवणार नाही. त्याला इलाज आहे, पुढे सांगते.

आता पैसा. इथे मी अडले.

२८ हजार डॉलर गुणिले चार म्हणजे १ लाख १२ हजार. फी दरवर्षी थोडी वाढते, आरोग्य विमा घ्यावा लागतो, विमानाची तिकिटं आहेत. आकडा एक कोटीच्या पुढे जातो. चाळीस लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता महिना ५५ हजारांच्या आसपास बसतो, तेही शिकत असताना व्याज भरत राहिलात तर. तू परत येऊन तासगावात मुलींची संस्था काढणार. सुरुवातीची दोनतीन वर्षं संस्थेतून तुला स्वतःला पंधरावीस हजार सुटले तरी खूप. मग हप्ता कोण भरणार? बाग भरणार, म्हणजे बाबा. ज्या वर्षी अवकाळीने घड सडतील त्या वर्षी काय, हे तुला मी सांगायला नको.

तिथेच नोकरी करून फेडेन म्हणशील. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर साधारण बारा महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना त्यापुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळते. संख्याशास्त्र मुख्य विषय घेतलास तर ती मिळू शकते, लीडरशिप किंवा नॉनप्रॉफिट मॅनेजमेंटला मिळणार नाही. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम. तिथल्या सरकारची विद्यार्थी कर्जं परदेशी मुलांना नसतात. त्यामुळे संस्थांत नोकरी करणाऱ्यांची सरकारी कर्जं पुढे माफ होण्याची जी सोय तिथल्या मुलांना आहे, ती तुला लागू नाही. तिथे कधीकधी प्राध्यापक सहज सांगतात, जा, समाजाचं काम कर, कर्जाचं बघता येईल. ते त्यांच्या मुलांसाठी खरं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: एक एकर आणि चाळीस लाख, या अटींवर जाऊ नकोस. तुझी लायकी कमी आहे म्हणून नव्हे. ज्या कामासाठी तू जातेयस ते काम हा हप्ता तुला करू देणार नाही म्हणून. पुण्या-मुंबईत चांगल्या पगाराची कुठलीतरी नोकरी धरशील, ‘हप्ते फिटले की गावी जाईन’ म्हणशील, आणि तोवर पस्तिशी उलटेल. अशी मुलं मी पाहिली आहेत. हुशार, मनाची चांगली. भेटली की संस्थेला देणगी देतात आणि डोळे चुकवतात.

पण दार बंद करायच्या आधी कॉलेजला एक मेल लिही. मदत वाढवता येईल का, घरच्या उत्पन्नाचे कागद जोडून विचार. बागेचं उत्पन्न एका वर्षाचं दाखवू नकोस, तीन वर्षांचं दाखव, त्यात पडलेलं वर्षही येऊ दे. स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, आणि त्यासाठी किती जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, टिकवावा लागतो, हे लेखी घे. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला तर स्कॉलरशिप शाबूत राहते का, हेही विचार. विचारण्यात कमीपणा नाही. देणगी मागण्याचं काम तुला आयुष्यभर करायचंय, त्याची पहिली तालीम समज. आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायची तयारी असेल तर अ‍ॅमहर्स्टसारखी मोजकी कॉलेजं बघ. तिथे परदेशी मुलांचाही प्रवेश घरची ऐपत न बघता ठरतो, आणि प्रवेश मिळाला तर त्यांच्या हिशेबाने जेवढी गरज, तेवढी सगळी मदत देतात. तिथली स्पर्धा फार कठीण आहे. पण मिळालं, तर कुणालाही न विचारता बॅग भर.

इथे राहिलीस तरी हा विषय सुटत नाही. बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठात पदवीचं शिक्षण याच विस्तृत पद्धतीचं आहे आणि घरच्या परिस्थितीनुसार फीमाफी मिळते. माझ्या नजरेत तुझ्यासाठी ते सगळ्यात जवळचं. पुण्यात फ्लेम आहे, तिथली फी आणि मदत दोन्ही नीट तपासून बघ. किंवा मामा म्हणतात तसं सांगलीत अर्थशास्त्र घेऊन बीए कर, मग टिसमध्ये किंवा कर्वे संस्थेत पदव्युत्तर प्रवेशासाठी प्रयत्न कर. सांगलीच्या बीएला मी कमी लेखत नाही, पण तिथे वाचनाची आणि लिहिण्याची शिस्त तुला स्वतःच लावून घ्यावी लागेल. कॉलेज लावणार नाही. अमेरिका मास्टर्सलाही आहेच, आणि तेव्हा हातात कामाचा अनुभव असेल तर मदत मिळण्याची शक्यता वाढते.

आणि कुठेही गेलीस तरी आधी काही महिने तुझ्या भागातल्या एखाद्या संस्थेत काढ. हाच मघाचा इलाज. मात्र मुलांना शिकवायला जाऊ नकोस, ते तुला आवडेल आणि त्यातच वेळ जाईल. कार्यालयात बस. व्हाउचरं लाव, बँकेत जा, ऑडिटच्या वेळी सीएच्या समोर फायली धर, विश्वस्तांच्या सभेचं इतिवृत्त लिही. शेड्यूल वन मागून बघ आणि त्यावरची किती माणसं अजून सभेला येतात ते मोज. हे पाहून गेलेली मुलगी वर्गात वेगळे प्रश्न विचारते. मग तो वर्ग ओहायोत असो नाहीतर बंगळुरूत.

बाबांशी बोलायचं राहिलंच. पत्रात तू अगदी जाता जाता लिहिलंयस की ते दूध संस्थेचे संचालक आहेत. अगं, मग त्यांना तुझा विषय आतून माहीत आहे, फक्त त्याला नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट म्हणतात हे माहीत नाही. सहकारी संस्थेचा कायदा निराळा, नफा सभासदांत वाटला जातो, ते खरं. पण सचिव आठ दिवस आजारी पडला की दुधाचं बिल कोण काढतं, सभेत कोण बोलतं आणि कोण नुसती सही करून चहा पिऊन जातं, हे त्यांना विचार. येत्या रविवारी त्यांच्याकडून मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल मागून घे. शेवटच्या पानांत लेखापरीक्षकाचे शेरे असतील, त्यांच्यापुढे संस्थेने दिलेला दोषदुरुस्ती अहवाल असेल. दोघं मिळून ओळ न ओळ वाचा. जिथे ‘पूर्तता करण्यात येईल’ एवढंच लिहिलंय, तिथे बोट ठेव आणि त्यांना विचार, बाबा, ही पूर्तता कुणी करायची ठरली होती?